दाराआडची केरसुणी

ते शहर होतं मोठं लखलखीत. रस्त्यांवर दिवे, दुकानांवर दिवे, झाडांच्या अंगावरसुद्धा लुकलुक लुकलुक दिवे. पण एवढ्या उजेडाच्या शहरात येसूला निजायला एक अंधारा कोपरा मिळत नव्हता, बघा. कुठून मिळणार? तिला घरच नव्हतं. गुलाबबागेच्या कुंपणाला लागून फुटपाथ, फुटपाथवर निळ्या ताडपत्रीचा तुकडा, आणि त्याखाली येसू आणि तिची आई गिरजा. वारा सुटला की ताडपत्री फडफड करायची आणि येसूच्या इवल्याशा नाकाचा शेंडा गारठून गुलाबी व्हायचा.

गिरजा केरसुण्या बांधायची. शिंदीची पानं चिरायची, झोडून मऊ करायची, आणि वर सुतळीची अशी घट्ट मूठ वळायची की वर्षभर एक काडी सुटायची नाही. दिवाळी आली की समोरच्या चाफा कॉलनीतल्या बायका तिच्यापुढे गर्दी करायच्या. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी नको का? पाटावर ठेवायची, हळदकुंकू वाहायचं, लक्ष्मी म्हणून पाया पडायचं.

पण गिरजानं स्वतःसाठी एकही केरसुणी कधी ठेवली नव्हती.

"केरसुणी दाराआड ठेवतात, येसू," ती म्हणायची. "येणाऱ्याजाणाऱ्याचा पाय लागू नये म्हणून. आपल्याला दार कुठाय?"

बागेपलीकडे एक शाळा होती, कैक वर्षं बंद पडलेली. नगरपालिकेनं ठरवलं, तिथं खोल्या करायच्या आणि थंडी वाढायच्या आत फुटपाथवरच्या माणसांना द्यायच्या. ऐकल्याबरोबर येसू पळत गेली. एकेका खिडकीतून डोकावली आणि आपली खोली निवडूनच आली. त्या खोलीच्या भिंतीवर कुणीतरी रंगीत खडूनं मोर काढला होता. निळा निळा, तुरेवाला. केरसुणी घ्यायला येणाऱ्या प्रत्येकीला येसू त्या मोराचं सांगायची.

आणि मग कॉलनीवाले बिथरले. रोज संध्याकाळी बागेतल्या बाकांवर सभा भरायला लागली. कुंपणाच्या अलीकडे येसू पानं निवडत बसायची. तिला सगळं ऐकू यायचं.

"गरिबांना घरं मिळायलाच पाहिजेत," कॉलनीचे अध्यक्ष नानासाहेब सरपोतदार म्हणायचे. "आमचा विरोध नाहीच. फक्त इथं नको."

"मग कुठं?" ताराकाकूंनी विचारलं. कॉलनीत सगळ्यांत म्हाताऱ्या त्याच.

"कुठंही. गावाबाहेर जागा काय कमी आहे?"

"आणि घाण करतील हो ती माणसं," मागून एक बाई म्हणाली.

घाण करतील, म्हणे. जिच्या केरसुणीनं तिच्या घरातला केर निघतो, ती माउली घाण करील. येसूचे कान तापून लाल झाले. तिच्या मुठीतली पानं करकरली.

"पाडव्याला सकाळी पालिकेच्या बाई येणार आहेत," नानासाहेब म्हणाले. "सगळ्यांनी हात वर करायचे. नको म्हणजे नको."

लक्ष्मीपूजनाचा दिवस उजाडला. येसू बागेत नळावर पाणी भरायला गेली. गवतावर दवाचे थेंब, जसे कुणी मोती सांडलेत. तेवढ्यात गुलबक्षीच्या झुडपातून बारीक आवाज आला, घुंगरू हलल्यासारखा. येसू वाकली. कोळ्याच्या जाळ्यात एक परी अडकली होती. अंगठ्याएवढी. केशरी झगा, जिऱ्याएवढी पावलं, आणि चंदेरी पंख जाळ्यात पार गुंतलेले.

"हलू नकोस हं," येसू म्हणाली. तिनं केसात खोचलेली शिंदीची मऊ काडी काढली आणि हळूहळू एकेक धागा सोडवला. जाळं मात्र फाडलं नाही. कोळ्याचं घर होतं ते.

परी सुटली. पंख झटकले तशी हवेत सोनेरी रवाळ भुकटी उडाली. "गुणाची गं माझी चिमणी," ती म्हणाली. "एक इच्छा माग. पण आधी नियम ऐक. कुणाला इजा होईल असं मागायचं नाही. माणसाचं मन बदलून दे म्हणायचं नाही, ते माझ्या हातात नाही. आणि घर मागितलंस तर ते तुझं आणि आईचंच होईल. तिसऱ्यानं उंबरा ओलांडला की दवासारखं विरून जाईल."

येसूच्या डोळ्यांपुढे ते घर चमचमलं. मऊ गोधडी, खिडकी, पितळी कडीचं दार. मग तिला शेजारच्या ताडपत्रीतली बायजाआजी आठवली. आजीला दिसत नाही, थंडीत तिचे गुडघे आखडतात. फुगेवाले लतीफचाचा आठवले, खोकून खोकून ज्यांना फुगा फुगवत नाही.

"बायजाआजीला दारातच थांब म्हणू?" येसू म्हणाली. "नको मला तसलं घर."

"मग काय देऊ?"

येसूनं कुंपणापलीकडे पाहिलं. गिरजा शेवटची केरसुणी विकत होती. घेणाऱ्या बाईनं पैसे वरूनच टाकले, हाताला हात लागू नये म्हणून.

"आईनं बांधलेल्या सगळ्या केरसुण्या आज तिच्याकडे येऊ देत," येसू म्हणाली. "जिच्या हे लोक पाया पडतात, ती कुणाच्या हातची आहे ते एकदा बघू देत त्यांना."

परी गालात हसली. "येतील. आणि बांधणाऱ्या हातांनी दिल्याशिवाय परत जायच्या नाहीत."

दिवेलागण झाली. चाफा कॉलनीत घरोघरी पूजा मांडलेल्या. नानासाहेब सोवळं नेसून पाटापुढे बसले, हात जोडून त्यांनी डोळे मिटले. उघडून बघतात तर पाटावरची केरसुणी उठून उभी. घागऱ्यासारखा घेर फुलवून तुरुतुरु चालली उंबऱ्याबाहेर. हळदकुंकवाचा एक कण सांडला नाही. जिन्यावरून उतरली, रस्त्यावर आली, आणि या दारातून एक, त्या दारातून एक, साऱ्या कॉलनीच्या केरसुण्या कुंकू लावून निघाल्या. त्यांच्या मागे जरीच्या साड्या आणि पितांबर धावत सुटले.

ताडपत्रीपाशी येऊन केरसुण्या थांबल्या. पणत्यांच्या उजेडात पिवळ्याधमक चमकत गिरजाभोवती गोल करून उभ्या राहिल्या. गिरजा तर गांगरूनच गेली.

नानासाहेबांनी आपली केरसुणी ओढून बघितली. हलेना. दोन्ही हातांनी ओढली. हलेना.

"सायेब," लतीफचाचा खोकत म्हणाले, "यांना पण गावाबाहेर पाठवायचं का?"

येसू पुढे झाली. "लक्ष्मी आमच्या हातची चालते तुम्हाला," ती म्हणाली. "मग आम्ही का चालत नाही?"

नानासाहेबांनी केरसुणीवरचे हात काढून घेतले. अखेर ताराकाकू वाकल्या, फुटपाथवर गिरजासमोर बसल्या. "गिरजाबाई," त्या म्हणाल्या, "माझी लक्ष्मी रुसून आली तुमच्याकडे. द्याल का?"

गिरजाला बाई म्हणणारं त्या रस्त्यावर ते पहिलंच तोंड.

गिरजानं केरसुणी उचलली, कपाळाला लावली आणि काकूंच्या हातात ठेवली. हाताला हात लागला. काहीसुद्धा झालं नाही, आभाळ आपल्या जागेवर होतं. मग एकेक जण पुढे आला. गिरजानं कुणाला टोमणा मारला नाही, सणासुदीचं कुणाला रिकाम्या हाती पाठवलं नाही. नानासाहेब सर्वांत शेवटी आले. मान खाली घालून हात पसरले. त्यांनाही दिली.

पाडव्याला पालिकेच्या बाई आल्या. "शाळेत खोल्या करायला कुणाचा विरोध आहे?" त्यांनी विचारलं. दोनचार हात वर गेलेच, वाळक्या फांद्यांसारखे. मन बदलणं परीच्याही हातात नाही म्हणतात ते उगाच नव्हे. पण नानासाहेबांचा हात गुडघ्यावरच राहिला. आणि ताराकाकू म्हणाल्या, "रंग तेवढा चांगला द्या हो खोल्यांना. आणि मोर पुसू नका, पोरीनं निवडलाय तो."

थंडी वाढायच्या आत खोल्या तयार झाल्या. शेजारच्या खोलीत बायजाआजी, त्यापलीकडे लतीफचाचा. मोराच्या खोलीत पहिल्या सकाळी परी आली, खिडकीच्या गजावर टेकली. येसूनं तिच्यापुढे बोट धरलं. परीनं त्या बोटाचा मुका घेतला, आणि बघता बघता तिचा केशरी झगा उजेड झाला, चंदेरी पंख उजेड झाले, सारी खोली सोन्यानं भरली आणि परी त्यात विरघळून गेली.

त्या उजेडात बसून गिरजानं एक केरसुणी बांधली. विकायला नाही, घरासाठी. हळदकुंकू वाहिलं, येसूच्या हातात दिली.

"कुठं ठेवू गं आई?" येसूनं विचारलं. माहीत होतं तिला, तरी विचारलं.

"दाराआड," गिरजा म्हणाली.

येसूनं दार लोटलं. केरसुणी ठेवली. मग पुन्हा उघडलं, पुन्हा लोटलं, पुन्हा उघडलं. दुपारपर्यंत पोरीचं तेच चाललं होतं, आणि कुणी तिला पुरे म्हटलं नाही.