दौलतीचा परवाना

पुष्कळ पुष्कळ वर्षं झाली या गोष्टीला. डोंगरांनी वेढलेलं एक छोटं राज्य होतं. रानात बिबटे होते, रानडुकरं होती, म्हणून राजाने प्रजेला बंदूक ठेवायची मुभा दिली होती. पण त्यासाठी दरबाराचा परवाना लागे. परवान्यावर शिक्का मारायचं काम भानजी नावाच्या म्हाताऱ्या दिवाणाकडे होतं. नियम सोपा होता. पाच शेजाऱ्यांनी अर्जदाराला चांगला म्हटलं, की शिक्का बसे.

एकदा दौलती नावाच्या माणसाचा अर्ज आला. बिबट्याने शेळी नेली, बंदूक हवी, असं त्यात लिहिलं होतं. पाच शेजारी पुढे आले. एक म्हणाला, "दौलती म्हणजे देवमाणूस." दुसरा म्हणाला, "कधी आवाज चढवून बोलला नाही." बाकीचे तिघेही हीच दोन वाक्यं बोलले, अगदी त्याच शब्दांत.

भानजीला ते खटकलं. पाचही जण पाठ केल्यासारखे का बोलतात? शिक्का बाजूला ठेवून तो घोड्यावर बसला आणि दौलतीच्या गावी गेला.

दौलतीने त्याचं हसून स्वागत केलं. त्याची बायको सगुणा ताक घेऊन आली. उन्हाळ्याचे दिवस होते, तरी तिने पदर दोन्ही हातांवरून घट्ट लपेटला होता.

भानजीने तिला विचारलं, "बाई, तुम्ही पाहिलात का बिबट्या?"

"पाहिला ना तिने," दौलती म्हणाला.

"कोणत्या बाजूने आला होता?"

"ओढ्याकडून," पुन्हा दौलतीच म्हणाला. सगुणा जमिनीकडे बघत होती.

भानजी घराभोवती फिरला. शेळ्यांच्या गोठ्याचं दार नुसत्या सुंभाने बांधलं होतं. लहान पोरानेही ते सोडलं असतं. घराच्या आतल्या खोलीला मात्र जाडजूड लोखंडी कडी होती, आणि ती बाहेरून होती.

बिबट्याची भीती वाटणारा माणूस गोठ्याचं दार सुंभाने का बांधतो? आणि आतल्या खोलीत तो कोणाला कोंडतो?

दुसऱ्या दिवशी दौलती शेतावर गेला, तेव्हा भानजी शेजारच्या गोदी कुंभारणीकडे गेला. गोदी म्हणाली, "दौलती चांगला आहे, सगळे म्हणतात."

"सगळे जाऊ देत. तू काय म्हणतेस?"

गोदीने आजूबाजूला पाहिलं. मग हळूच म्हणाली, "त्यांच्या घरातून रडणं ऐकू आलं, की आम्ही मडकी जोरजोरात थापटतो. म्हणजे ऐकू येत नाही."

तिथून भानजी सगुणाकडे गेला. अंगणाबाहेर उभा राहूनच म्हणाला, "पोरी, या घरात बंदूक आली तर काय होईल?"

सगुणाने शेताच्या वाटेकडे पाहिलं. मग म्हणाली, "ते म्हणतात, पहिली गोळी कोणासाठी ते ठरलंय. दिवाणजी, मी बोलले हे त्यांना कळू देऊ नका."

भानजीने परवाना नाकारला. दौलतीने राजाकडे दाद मागितली. राजाने भर दरबारात विचारलं, "दिवाणजी, पाच माणसं याला चांगला म्हणतात. तुमच्याकडे पुरावा काय?"

"पुरावा नाही महाराज. संशय आहे, आणि तो माझा एकट्याचा आहे."

"नुसत्या संशयावर?"

"महाराज, कोणाला शिक्षा करायची तर पुरावा हवाच. पण कोणाच्या हातात मरण द्यायचं, तर संशयसुद्धा उरता कामा नये."

राजाला ते पटलं. दौलतीने वाकून मुजरा केला आणि हसत निघून गेला.

ते हसू भानजीला आवडलं नाही. तो दोन शिपाई घेऊन मागोमाग निघाला. पण म्हाताऱ्याचा घोडाही म्हाताराच होता, आणि दौलती पुढे निघून गेला होता.

घरी पोचताच दौलतीने विचारलं, "दिवाणाला कोणी सांगितलं?" उत्तराची वाट न बघता त्याने काठी उचलली. पहिल्याच घावात सगुणाचा हात मोडला. ती कशीबशी अंगणात धावली आणि ओरडली.

त्या दिवशी गोदीचे हात मडक्यावरच थांबले. ती उठून धावली. तिच्यामागे तिचा नवरा आला, मग ते पाच शेजारीही आले. चौघांनी दौलतीला धरलं, एकाने काठी हिसकावली. भानजी पोचला तेव्हा दौलती खांबाला बांधलेला होता.

गोदी म्हणाली, "काठी होती म्हणून आम्ही मध्ये पडलो, दिवाणजी. बंदूक असती तर आम्ही दारं लावून घेतली असती. आणि ही अंगणापर्यंतही आली नसती."

भानजी सगुणाजवळ बसला. त्याला तिच्या डोळ्यांत बघवेना. "पोरी, मी बंदूक अडवली, पण तुला त्याच घरात ठेवून गेलो. आधी तुला इथून हलवायला हवं होतं. चुकलं माझं."

"चुकलं खरं," सगुणा म्हणाली. "पण मी जिवंत आहे. मला राजासमोर न्या."

हात झोळीत बांधून ती दरबारात उभी राहिली आणि संसाराच्या आठ वर्षांचं सगळं बोलली. पाच शेजारी माना खाली घालून ऐकत होते. राजाने दौलतीला कैदेत टाकलं. घर आणि शेळ्या सगुणाच्या नावे केल्या. मग पाचांकडे वळून तो म्हणाला, "तुम्ही खोटं बोललात असं मी म्हणत नाही. तुम्ही अंगणातला दौलती सांगितलात. उंबऱ्याच्या आतला माहीत असून लपवलात." त्या पाचांची साक्ष पुन्हा कधी कोणत्याही कामात घेतली गेली नाही.

नियमही बदलला. परवान्याआधी घरातल्या बाईला एकटीला गाठून विचारायचं, आणि ती घाबरलेली दिसली, तर आधी तिला सुरक्षित जागी पोचवायचं, मग नकार कळवायचा. पुढे बऱ्याच घरांत बंदूक गेली नाही. बऱ्याच बायका मात्र त्या घरांतून बाहेर आल्या.

ऐकणाऱ्यांनो, लहान असा की थोर, एवढं लक्षात ठेवा: कोणाच्या हाती शस्त्र द्यायचं, हे त्याच्या गावाला नाही, त्याच्या घरच्यांना विचारावं.