भिवराक्काने ढगाला विचारलेला प्रश्न

घाटाच्या ऐन काठावर, जिथे कोकणातून चढून आलेला वारा पहिल्यांदा दम खातो, तिथे झाकोबा देवाचा डोंगर आहे आणि त्याच्या पायथ्याशी तळखांब गाव. पावसाळाभर झाकोबाचा माथा कुणाला दिसत नाही. फार फार वर्षांपूर्वी, गावात एकाही घरावर अजून कौल चढलं नव्हतं तेव्हा, तिथे भिवराक्का राहत होती.

भिवराक्काला एक खोड होती. सकाळी घागर घेऊन निघाली, की ती सरळ पाणवठ्यावर म्हणून जायची नाही. प्रत्येक दाराशी थांबायची, मान आत घालायची आणि विचारायची, "आज चुलीवर काय?" कुणी हसून सांगायचं, कुणी भांड्यावर झाकण ठेवायचं. झाकण ठेवून उपयोग नसायचा. बायका म्हणायच्या, आक्काचं नाक आक्काच्या आधी घरात येतं. पण ती वाईट नव्हती हो. घरात ती एकटीच, चूल एका माणसाची. दुसऱ्याच्या चुलीची विचारपूस केल्याशिवाय तिला स्वतःचा घास उतरत नसे.

तिच्या शेजारी अनसा राहायची. तिचा नवरा बैल घेऊन मीठ आणायला कोकणात उतरला होता, तो पावसाने तिकडेच अडकलेला. दोन दिवस अनसाने दार लावून घेतलं होतं. आक्काने दार वाजवलं, तर आतूनच आवाज आला, "आक्के, माझ्या चुलीशी तुला काय करायचंय?"

आक्का परतली. तो शब्द तिला फार लागला.

तिसऱ्या दिवशी झाकोबाचा चढ होता. भाताची लावणी उरकली, की श्रावणात घरटी एकाने आपल्या बांधावरचा खडा घेऊन माथ्यावर जायचं, देवापुढच्या ढिगावर तो ठेवायचा आणि दिवस मावळायच्या आत खाली यायचं, अशी रीत. ज्या घरचा खडा चुकला, त्या घराकडे देव वर्षभर बघत नाही, असं म्हणतात. म्हणून अनसाही निघाली. रांगेत सगळ्यात मागे, कुणाशी न बोलता.

दुपारपर्यंत खडे ठेवून झाले. माणसं उतरायला लागली आणि कड्याखालून ढग वर आला. असा आला, की आधी पुढच्याची पाठ दिसेना, मग स्वतःचा हात दिसेना. रांग तुटली. जो तो जिथे होता तिथे गोठला, कारण कडा कुठल्या अंगाला आहे हे कुणालाच सांगता येईना. भिवराक्काच्या हाताला मात्र मोठा धोंडा लागला. खालची वाट त्या धोंड्यापासूनच सुटते. तिने त्याला पाठ लावली आणि रांगेत पुढे असलेल्या हौसाला हाक दिली, "हौसे!"

दोन्हीकडून "ओ" आली. आवाज एकच, हौसाचाच.

झाकोबावर चकवा आहे, असं म्हणतात. तो माणसाचा आवाज काढतो आणि नावाला ओ देऊन कड्यावर नेतो. आक्काने पाठ धोंड्याला आणखी घट्ट टेकवली. पण खोड कुठे जाते? तिच्या तोंडून निघून गेलं, "हौसे, आज चुलीवर काय?"

एक आवाज गप्प झाला. दुसरा म्हणाला, "नाचणीची भाकरी आणि कुर्डूची भाजी. सकाळी वाकून बघितलंस की, आक्के."

चकव्याला नाव ठाऊक असतं, पण घरात काय शिजलं ते कुठून ठाऊक असणार? आक्काने हौसाला हाताला धरून आणलं आणि धोंड्याशी उभं केलं. मग हौसाचा हात धरून पुढचा माणूस, त्याचा हात धरून त्याच्या पुढचा. तातोबाने ढगातून वरण-भात सांगितला, तेव्हा आक्का म्हणाली, परत सांग, सकाळी तुझ्या दाराशी वास वेगळाच होता. मग सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असं त्याने कबूल केलं, की सुकटीचं कालवण. श्रावणात सुकट! माणसं त्या ढगातही हसली.

अशी दहा माणसांची साखळी झाली. राहिली एकटी अनसा, आणि साखळी तिच्यापर्यंत पुरेना. तिला आणायचं तर टोकाला उभ्या आक्काला शेवटचा हात सोडावा लागणार होता.

आक्काने प्रश्न विचारला. डावीकडून लगेच उत्तर आलं, "पुरणपोळी, कटाची आमटी, भजी." नुसतं उत्तर नाही, असं म्हणतात, की वेलची घातलेल्या पुरणाचा वाससुद्धा आला. आक्काचं पाऊल डावीकडे उचललं गेलं. उजवीकडे काहीच नव्हतं. मग अगदी बारीक आवाज आला.

"काही नाही, आक्के. परवापासून चूल पेटली नाही."

आक्काच्या डोळ्यांपुढे अनसाचं छप्पर उभं राहिलं. दोन दिवस त्यातून धूर निघाला नव्हता. साऱ्या गावाच्या भांड्यात डोकावणाऱ्या तिला तेवढंच दिसलं नव्हतं. भरल्या ताटाचं खोटं कुणीही बोलेल, पण उपाशी असल्याचं खोटं कशाला बोलेल? तिने हात सोडला आणि ती उजवीकडे चालत गेली. हात पुढे करून, पाऊल चाचपत, अनसाचे गार हात हाताला लागेपर्यंत.

"मला का नाही सांगितलंस गं?"

"तू सगळ्यांना सांगशील म्हणून," अनसा म्हणाली.

तिने कमरेची शिदोरी सोडली. अनसाने पहिला घास खाल्ला आणि तत्क्षणी ढग मधोमध फाटला, असं म्हणतात. डावीकडे, आक्काने उचललेल्या पावलाच्या एक वीत पुढे, कडा संपून सरळ खाली कोकण दिसत होतं.

भिवराक्का पुढे खूप वर्षं जगली आणि दारोदार विचारत राहिली. पण त्यानंतर एका घरचं तिने दुसऱ्या घरी कधी नेलं नाही.

तळखांबची माणसं आजही श्रावणात झाकोबा चढतात. ढगात कुणी कुणाला नावाने हाक मारत नाही. चढताना धोंड्यापाशी रांग थांबते आणि म्हातारं माणूस प्रत्येकाला विचारतं, "आज चुलीवर काय?" सगळे खरं सांगतात. आणि कुणी "काही नाही" म्हणालं, तर कुणी का म्हणून विचारत नाही. गाठोडी सुटतात. त्या माणसाच्या तोंडात पहिला घास गेल्याशिवाय तळखांबचं एक पाऊल वर पडत नाही.