टाकीशेजारची बैठक

सकाळी अकरा वाजता खताच्या कारखान्याच्या वातानुकूलित सभागृहात बैठक सुरू झाली. विषय होता, बैठका लवकर कशा संपवाव्यात. जेवणाची वेळ टळली तरी व्यवस्थापक श्रोत्रीसाहेब बोलतच होते.

सुरक्षा अधिकारी वैजयंती तांडेलने गळतीचा विषय एकदा काढून पाहिला होता. अमोनियाची टाकी गळत होती, कामगार तोंडाला ओले रुमाल बांधून तिथेच राबत होते आणि टाकी बंद करण्याचा हुकूम फक्त साहेबच देऊ शकत होते. तिने पुन्हा विषय काढताच साहेब डाफरले, "तांडेलबाई, तिथे काडीचाही धोका नाही! उगाच घबराट पसरवलीत तर घरी बसाल. बैठकीबद्दल काही सुचत असेल तर बोला."

ती उठून उभी राहिली. "सुचतंय, सर. उरलेली बैठक टाकीशेजारीच घेऊ. धोका तर नाहीच, आणि तिथे कुणी लांबण लावणार नाही. खुर्च्या हलवायला सांगू?"

साहेबांनी घाम पुसला आणि फोन उचलला. "टाकी बंद करा. माणसं बाहेर काढा." बैठक तिथेच संपली.

साहेब जिथे खुर्ची टाकायला धजले नाहीत, तिथे कामगारांना कुणी उभं केलं, याचं उत्तर अजून कुणीही दिलेलं नाही.