चिमाचा करंडा

गोष्ट फार जुनी आहे, बरं का. डोंगराच्या कुशीतल्या एका गावात अंबू नावाची कुंभारीण राहायची. गावातल्या प्रत्येक नवरीचा कुंकवाचा करंडा तिच्याच हातचा. मातीत कागदाचा लगदा आणि डिंक मळून ती तो घडवायची आणि सावलीत वाळवायची. नवरीचा करंडा विस्तवाच्या धगीवर वाळवायचा नाही, असा तिथला रिवाज होता.

आणखी एक रिवाज होता, आणि तो भलताच कडक. भर मांडवात सासूनं कुंकवानं भरलेला करंडा पालथा करायचा. झाकण घट्ट राहिलं तर सून लक्ष्मीच्या पावलाची. कुंकू सांडलं तर पांढऱ्या पायाची! मग जन्मभर तिला कुणी शुभकार्यात पुढे होऊ द्यायचं नाही.

त्या वर्षी चिमाचं लग्न ठरलं. आईवेगळी, मोठी गुणी पोर. अंबूचा तिच्यावर भारी जीव. तिनं झाकणावर पोपट बसवले, वेली चढवल्या, वर मोर नाचवला. नक्षीच्या नादात झाकण झालं जाडजूड, आणि लग्नाचा दिवस उजाडला तरी ओलंच!

अंबूची पाचावर धारण बसली. दार लोटून तिनं झाकण चुलीपाशी धरलं. वाळलं खरं, पण आक्रसलं. करंड्यावर ठेवलं तर डुगडुगायला लागलं. इकडे करंडा न्यायला माणूस दारात उभा! अंबूनं घाईघाईनं आत कुंकू भरलं, काठाला मेण फासलं आणि झाकण दाबून बसवलं.

"एवढी वेळ निभावली म्हणजे झालं," ती पुटपुटली.

मांडवात करंडा पाहून बायका हरखल्या. "अगं बाई, काय हात आहे अंबूचा!" कौतुक करता करता त्यांनी करंडा पाटावर ठेवला, तो थेट होमाच्या शेजारी.

करंड्यामागोमाग मांडवात आलेली अंबू ते बघत होती. होम पेटला, धग वाढत गेली. काठाचं मेण चकाकायला लागलं. खरं सांगावं, तर गाव पुन्हा दारात उभं करणार नाही. गप्प बसावं, तर तिला कुणीच बोल लावणार नव्हतं. बोल लागणार होता चिमाला. पोर मुंडावळ्यांआडून करंड्याकडेच बघत होती, ओठ घट्ट आवळून.

सासू उठली. पदर खोचून तिनं करंडा उचलला.

"थांबा! पालथा करू नका!" अंबू ओरडली.

"हे काय अभद्र बोलणं?" सासू कडाडली.

"अभद्र माझ्या हातून झालंय, विहीणबाई. झाकण मी चुलीपाशी वाळवलं. सैल झालं, म्हणून मेणानं चिकटवलं. कुंकू सांडलं तर दोष माझा, या लेकराचा नाही!"

मांडवात एकच गलका उठला. "हाकला हिला!" "पुन्हा हिची पायरी चढायची नाही!" सासूनं झाकणाला नुसती बोटं लावली, तर ते अलगद हातात आलं. तिचा चेहरा पडला. रिवाज तर मोडता येईना, आणि पालथा करावा तर कुंकू सांडणार.

तेवढ्यात चिमा पुढे झाली. "मावशी, बूड तरी पक्कं आहे ना?"

"पक्कं आहे गं, बाय माझी," अंबू रडत म्हणाली.

चिमानं करंड्याच्या तोंडावर आपला तळहात ठेवला. "सासूबाई, आता करा पालथा."

सासूनं आपला हात सुनेच्या हाताखाली धरला आणि दोघींनी मिळून करंडा पालथा केला. जमिनीवर कणभरही कुंकू पडलं नाही. दोघींचे हात तेवढे लाल झाले.

अंबूला मात्र त्या वर्षी कुणी काम दिलं नाही. पुढच्या वर्षी तिच्या दारात पहिली आली ती चिमाची सासूच, धाकट्या सुनेसाठी.

"करंडा तुझ्याच हातचा हवा," ती म्हणाली. "चुकलंच काही, तर तू सांगशील तरी!"

तात्पर्य: चूक झाकता येते, पण तिचा दोष दुसऱ्याच्या माथी जाणार असेल, तर ती आपल्याच तोंडानं सांगून मोकळं व्हावं.