जैतूनबीच्या सात शेंगा

फार फार पूर्वी, सावली बघून वेळ सांगायचे त्या काळातली ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, थोरांनी मनात ठेवावी.

एका गावात जैतूनबी नावाची म्हातारी होती. नवव्या वर्षी तिनं पहिला रोजा धरला, तेव्हापासून रमजानचा एकही रोजा बुडू दिला नाही. दुखण्यात, बाळंतपणात सुटले, तेही मागून भरून काढले. तेवढीच तिची मिळकत.

एका रमजानात ती अंगणात बियाण्याच्या शेंगा फोडत बसली होती. समोर शेजारीण हुरमतबी. आता शेंगा फोडणाऱ्याचा हात तुम्हाला ठाऊकच आहे. दोन दाणे सुपात, दोन तोंडात. जैतूनबीचाही हात सवयीनं तोंडाकडे गेला. एक शेंग झाली, दुसरी झाली. हुरमतबी बघत राहिली आणि मनात मोजत राहिली. सातवी संपली तशी गोड आवाजात म्हणाली, "खाला, आज रोजा नाही वाटतं?"

म्हातारीच्या हातातलं सूप पडलं. तिनं चूळ भरली आणि घरात जाऊन दार लावून रडत बसली.

हुरमतबी निघाली पाण्याला. विहिरीवर सात शेंगा होत्या, त्या मशिदीपाशी टोपलीभर झाल्या, आणि वेशीपर्यंत तर म्हातारी भाकरी-कालवण जेवून मोकळी झाली.

दिवस कलला. सगळं गाव इफ्तारीला मशिदीच्या अंगणात जमलं, बायकांच्या ओळीत जैतूनबीची जागा तेवढी रिकामी. इमामसाहेबांनी विचारलं, तेव्हा हुरमतबीनंच पुढं होऊन सगळं सांगितलं. इमामसाहेब उठले ते थेट म्हातारीच्या दारात. मागून गाव.

म्हातारी आतूनच म्हणाली, "रोजा तुटलेल्या बाईनं कुठल्या तोंडानं ओळीत बसावं?"

"रोजा आहे हे ध्यानात होतं का?"

"असतं तर हात तोंडाकडे गेला असता का?"

"आणि नंतर पाणी प्यालीस?"

"थेंब नाही. तुटला म्हणून काय मोकाट सुटायचं?"

इमामसाहेब हसले. "मग तुटला कुठं? भुलून खाल्लेला घास अल्लाहनंच खाऊ घातलेला असतो. तुझा रोजा साबूत आहे, ऊठ."

मग ते हुरमतबीकडे वळले. "पहिली शेंग खाताना बघितलीस, तेव्हा आठवण का नाही दिलीस?"

हुरमतबी मागं सरून बायकांच्या आड होऊ लागली.

"पाठीमागं कुणाची नालस्ती करणं म्हणजे मेल्या भावाचं मांस खाणं, हे तू लहानपणापासून ऐकत आलीस. तिनं भुलून शेंगा खाल्ल्या, बाई. तू दिवसभर जाणून काय खाल्लंस?"

हुरमतबीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं माफीसाठी आभाळाकडे हात पसरले. इमामसाहेब म्हणाले, "अल्लाहकडे मग. आधी जिचं मन दुखावलंस तिच्याकडे."

ती आत गेली, म्हातारीचे हात धरून माफी मागितली, आणि आपल्या हातानं तिला ओळीत आणून बसवलं. अजान झाली. हुरमतबीनं पहिला खजूर जैतूनबीपुढं धरला.

म्हातारी खजूर तोंडात घोळवत म्हणाली, "माफ केलं गं. पण उद्याही शेंगा फोडायच्यात. समोर बस, आणि माझा हात वर गेला की मोजू नकोस, धर."

सगळी ओळ हसली. दुसऱ्या दिवशी हुरमतबीनं तो हात तीनदा धरला, आणि विहिरीवर कुणाला सांगितलं नाही.

म्हणून सांगते: पोट उपाशी ठेवणं सोपं, जीभ उपाशी ठेवली तर रोजा खरा.