शिंगराचे गुडघे

मुलांनो, ऐका. आणि मुलांच्या आईबापांनो, तुम्ही तर कान उघडे ठेवूनच ऐका.

फार जुन्या काळी, घोडे अजून माणसांशी बोलत होते तेव्हा, एका राजाच्या पागेवर एक कडक पागेदार होता. शिंगराचे गुडघे चाचपल्याशिवाय तो त्याच्या पाठीवर खोगीर चढू देत नसे. कोणी घाई केलीच, तर सरदाराचीही भीड ठेवत नसे. "हाड अजून कोवळं आहे. जन्माचं लंगडं करायचंय का त्याला?" असा तो गरजायचा.

त्याला एक मुलगी होती. वाऱ्यासारखी पळायची. दसऱ्याला गावची मुलं सीमेवरच्या आपट्यापर्यंत पळत, आणि जो पहिला पोचेल तो राणीच्या हाती सोनं देई. गेल्या वर्षी तो मान मुलीला मिळाला होता. तेव्हापासून पागेदाराची मान काही खाली येईना.

यंदा मुलगी भराभर उंच झाली, आणि तिच्या गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ आलं. जिना चढताना कळ यायची. मांडी घालून जेवायला बसणंही नको व्हायचं.

"आबा, गुडघा दुखतोय," ती म्हणाली.

"पळाली नाहीस म्हणून दुखतोय."

वैद्यबाईंनी गुडघा पाहिला. "हाड वाढतंय आणि मांडीची शीर त्याला ओढतेय. पळणं बंद ठेवा. रोज हळूहळू मांडी ताणायची, मग तिच्यात बळ आणायचं. पळणं त्यानंतर."

"दसरा तुमच्यासाठी थांबणार आहे का?" पागेदार म्हणाला. त्याने गुडघ्याला पट्टी करकचून बांधली आणि मुलीला मैदानात उभं केलं.

त्याच सकाळी शिंगराला खोगीर घातलं म्हणून त्याने एका शिलेदाराला पागेबाहेर हाकललं होतं. ते पाहिलेली म्हातारी घोडी कुंपणाशी आली. "माझ्या लेकराची बाजू घेतलीस," ती म्हणाली. "तुझ्या लेकराची कोण घेणार?"

"घोडीने घोडीसारखं राहावं," पागेदार म्हणाला. मुलगी दात आवळून पळत राहिली. रडली तर आबा आणखी एक फेरी घालायला लावायचे, हे तिला ठाऊक होतं.

दसरा आला. आपट्याचं झाड समोर दिसत असताना तिच्या गुडघ्यात काहीतरी तुटलं आणि ती तोंडावर आपटली. मागची मुलं तिला ओलांडून गेली. वाटीखालच्या हाडाचा तुकडा शिरेने ओढून काढला होता. "आता ही पळेल का?" पागेदाराने विचारलं. वैद्यबाई संतापल्या. "आधी चालेल का ते विचारा."

मग ते लांबलचक दिवस सुरू झाले. आधी पाय नुसता बांधून ठेवलेला. मग चटईवर टाच सरकवत गुडघा वाकवायचा. मग भिंतीला पाठ टेकून थोडंसं खाली बसायचं, पुन्हा वर यायचं. पागेदार रोज आधाराला हात पुढे करी. मुलगी भिंत धरी, पण त्याचा हात धरत नसे.

पुढच्या दसऱ्याला ती सीमेपर्यंत चालत निघाली, किंचित लंगडत. शर्यत केव्हाच संपली होती. पागेदार शेजारून चालत होता. शेवटी त्याला राहवलं नाही. "अजून राग गेला नाही का गं?"

मुलगी थांबली.

"शिंगरू अजून बोलायला शिकलेलं नसतं, त्याला दुखलं तर सांगता येत नाही. तरी तुम्ही त्याचे गुडघे चाचपता," ती म्हणाली. "मी तर तोंडाने सांगत होते, आबा."

ती पुढे निघून गेली, आणि पागेदार तिथेच उभा राहिला. तिचा राग पुढे गेला की नाही, मला ठाऊक नाही. नसेल गेला, तर मी तिला दोष देणार नाही.

बोध: वाढत्या वयाचं मूल दुखतंय म्हणालं की मोठ्यांनी आपली हौस बाजूला ठेवून आधी त्याला थांबवावं.