करवंदीचा साखरांबा

एका राज्यात पान वाढणं हा कायदा होता. तिथे चोराला एखाद वेळ माफी मिळे, पण मीठ उजवीकडे वाढणाऱ्याला कधीच मिळत नसे. पानाच्या डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजव्या बाजूला भाज्या आणि पक्वान्नं. मधोमध भाताची मूद. हा कायदा सांभाळत असे खुद्द राणी रत्नप्रभा. तिचा हात असा सरळ, की शेवटच्या पानातली लिंबाची फोड पहिल्या पानातल्या फोडीच्या रेषेत येई. तिला एक मुलगी होती, केतकी. केतकीचा हात काही सरळ नव्हता, पण तिला प्रश्न फार पडत. सावलीला भूक लागते का, असं ती विचारी, आणि राजवाड्यातले विद्वान तिला लांबून पाहूनच वाट बदलत.

एका वसंतोत्सवाला राणीने आपल्या बालमैत्रिणीला जेवायला बोलावलं. ही मैत्रीण म्हणजे डोंगरापलीकडची चेटकीण, करवंदी. चेटकीण झाली म्हणून काय झालं, ती रिकाम्या हाताने आली नाही. घरच्या कैऱ्या, स्वतः किसलेल्या, आणि त्यांचा बरणीभर साखरांबा घेऊन आली. राणीने बरणी हसून घेतली आणि रीतीप्रमाणे प्रत्येक पानात बोटभर साखरांबा डावीकडे वाढला, चटणी आणि कोशिंबिरीच्या मध्ये. उजवीकडे श्रीखंड होतं, बासुंदी होती, केशरी शिरा होता. पंगत त्यांच्यावर तुटून पडली. पानं उठायची वेळ झाली तेव्हा करवंदीने एकदा सगळ्या पंगतीवरून नजर फिरवली आणि ती उभी राहिली.

“प्रभे, माझा साखरांबा डावीकडे का?”

“तोंडी लावणं डावीकडेच वाढतात, करवंदी. तशी रीत आहे.”

“तुला रीत एवढी प्यारी. मग रीतीसारखीच उभी राहा.”

राणी जागच्या जागी खडीसाखरेची झाली. हातातली पळीही साखरेची झाली. करवंदी उंबऱ्यापाशी थांबून एवढंच म्हणाली, की साखरांब्याची खरी जागा जो कोणी दाखवील त्याच्या हातून राणी उठेल. जो चुकीची दाखवील त्याच्यापायी राणीचं एक बोट जाईल. आणि ती निघून गेली.

राजा धवलकेतूने विद्वानांना बोलावलं. राजपुरोहित म्हणाले, करवंदीला डावं-उजवं केल्याचा राग आला, तेव्हा जागा उजवीकडची. त्यांनी उरलेला साखरांबा बासुंदीशेजारी मांडला आणि राणीची करंगळी भुगा होऊन खाली पडली. प्रधान म्हणाले, मान मधल्या जागेचा. त्यांनी भाताची मूद हलवून तिथे साखरांबा ठेवला आणि दुसरं बोट गेलं. बरणीही रिकामी झाली. मग राजाने सगळ्यांना गप्प केलं.

एव्हाना मुंग्यांना वार्ता लागली होती. राणीच्या पायांभोवती हळदीचं रिंगण घातलं, चारी बाजूंना मोरपिसं घेतलेले पहारेकरी बसवले, तरी मुंग्या येतच राहिल्या. केतकी दिवसभर आईच्या पायाशी बसून त्या फुंकून उडवी. आईने आपला वाकडा हात धरून पुन्हा एकदा रागवावं, एवढंच तिला हवं होतं. आणि तशातही तिच्या डोक्यात एक प्रश्न घोळत होता. बासुंदी गोड, श्रीखंड गोड. मग गोडाला पुन्हा तोंडी लावणं कशाला? तिने सगळ्यांना विचारून पाहिलं. उत्तर कुणापाशीच नव्हतं, कारण तो साखरांबा कुणी खाल्लाच नव्हता.

तटावर एक धनेश पक्षी बसला होता. तो करवंदीच्या रानातली फळं खाऊन मोठा झाल्यामुळे बोलत असे. केतकीने त्याला वाट विचारली. तो म्हणाला की ही वाट पायांनी संपायची नाही, पाठीवर बैस. ती बसली. सात डोंगर खालून गेले आणि करवंदीचं घर आलं.

करवंदी अंगण झाडत होती. शाप मागे घे म्हणायला आलीस ना, असं तिने मान वर न करताच विचारलं.

“नाही, मावशी. तो साखरांबा कसा करतात ते विचारायला आले.”

करवंदीने केरसुणी खाली ठेवली. मग म्हणाली की कसा करतात ते सांगून कळत नाही, तीन कामं करावी लागतील.

पहिलं काम कैरी आणण्याचं. परसात आंब्याचं झाड होतं, त्याला अर्ध्या कैऱ्या सोन्याच्या आणि अर्ध्या हिरव्या लागत. फांद्यांना वटवाघळं लटकलेली होती. ते सगळे राजपुत्र होते. सोन्याला हात लावला आणि उलटे झाले. झाडाने विचारलं, “कोणती देऊ?” केतकीने उलट विचारलं, “जास्त आंबट कोणती?” इतक्या वर्षांत झाडाला हे कुणी विचारलं नव्हतं. त्याने आपल्या शेंड्यावरची, पानाआड जपलेली एक हिरवीगार कैरी तिच्या ओच्यात टाकली. एवढ्या जवळून सोनं पाहूनही केतकीला त्याची चव कशी असेल याचंच कुतूहल वाटलं, पण तेवढं तिने आवरलं.

दुसरं काम आचेचं. करवंदीच्या चुलीत लाकडं नव्हती, एक अग्निसर्प वेटोळं घालून बसला होता. त्याची स्तुती केली की तो सुस्तावून विझू लागे आणि त्याला बोललं की भडके. पाकाला तर मंद आच हवी. केतकीने कैरी किसली, साखर घालून पातेलं चुलीवर चढवलं, आणि एका हाताने ढवळत सर्पाशी बोलत राहिली. तुझ्या फण्यासारखा फणा नाही रे कुठे, असं म्हणायची, आणि तो डोळे मिटू लागला की म्हणायची, पण आळशी तो आळशीच. कीस काचेसारखा पारदर्शक झाला. चिमटीत धरल्यावर पाकाची एक तार निघू लागली. तिने वेलदोडा आणि केशर घातलं, पातेलं उतरवलं, आणि सर्पाला कधी नव्हे ती गाढ झोप लागली.

तिसरं काम सगळ्यांत सोपं होतं. साखरांबा पुरता निवेपर्यंत त्याच्यापाशी बसायचं आणि चाखायचा नाही. करवंदीने बरणीला फडकं बांधलं आणि ती रानात निघून गेली.

केतकी बसली. फडक्याखालून वास येत होता. हात मांडीखाली घेऊन बसली, तरी वास येतच होता. चाखला तर सगळं मुसळ केरात, हे तिला कळत होतं. आईची उरलेली बोटं तिच्या डोळ्यांसमोर होती. पण जी गोष्ट कशी लागते हेच ठाऊक नाही, तिची जागा आपण सांगणार तरी कशी? हा विचार मनात आला आणि तिने फडकं सोडून एक बोट बुडवलं.

आधी आंबट. कानामागे शिरशिरी यावी इतकं आंबट. मग त्यातून गोडी हळूहळू वर आली आणि जीभ नव्याने जागी झाली, आता बासुंदीचा घोट घेतला तर तो आयुष्यातला पहिलाच घोट लागला असता. तिला तिचं उत्तर मिळालं.

मागे पाऊल वाजलं. करवंदी दारात उभी होती.

“चाखायचा नाही म्हटलं होतं.”

“चाखला, मावशी.”

करवंदीने बरणीकडे पाहत विचारलं, “कसा झालाय?”

केतकीने सगळं सांगितलं. आंबट कुठे लागलं, गोड कुठून आलं, काहीच सोडलं नाही. ऐकता ऐकता करवंदी उंबऱ्यावर बसली. इतकी मोठी चेटकीण, पण त्या दिवशी भरल्या पंगतीतून ती हे ऐकल्यावाचून उठली होती. केतकीला तिची फार कणव आली. आणि तेव्हाच आईचा शब्द तिला नीट ऐकू आला: तोंडी लावणं. ती उठली. “मावशी, जागा सापडली,” ती म्हणाली. “चल, दाखवते.”

धनेश दोघींना घेऊन राजवाड्यात उतरला. मुंग्यांनी हळद ओलांडून राणीच्या पावलांवर वाट केली होती. राजपुरोहितांनी घाईने पान मांडलं आणि विचारलं, डावीकडे की उजवीकडे? केतकी पानावरून पुढे गेली. तिने पळीभर साखरांबा घेतला आणि आईच्या ओठांपाशी नेला.

“केतकी, थांब,” राजा म्हणाला. “पाक ओला आहे. विरघळेल ती.”

तिचा हात थांबला. भीती तिलाही वाटत होती.

“बाबा, हे तोंडी लावायचं असतं. आपण नुसतं पानात वाढलं.”

तिने पळी ओठांना लावली. ओठ विरघळले. पाकाचा एक ओघळ हनुवटीवरून खाली आला आणि हनुवटीही झिजू लागली. राजाने तोंड फिरवलं. केतकीने पळी हलवली नाही. मग साखरेच्या गळ्यातून एक आवंढा खाली उतरला.

“आंबट आहे गं,” राणी म्हणाली.

तिची झिजलेली हनुवटी भरून आली, गालांवर रंग आला, पळी पितळेची झाली, मुंग्या मुकाट्याने भिंतीकडे वळल्या. करवंदीचा राग उतरला तशी सात डोंगरांपलीकडे वटवाघळं धपाधप खाली पडली आणि राजपुत्र होऊन आपापल्या घरी चालू लागली. राणीची दोन बोटं मात्र गेली ती गेलीच. त्या हाताने पुढे तिच्याकडून एकही पान सरळ वाढलं गेलं नाही आणि केतकीला रागवायचंही तिने सोडून दिलं. कायद्यात एवढाच बदल झाला, की पाहुण्याने आणलेला पदार्थ यजमानाने पहिल्या घासाला खायचा.

पण हे सगळं नंतरचं. त्या क्षणी राणी करवंदीकडे पाहत होती.

“मी तो चाखलाच नव्हता, करवंदी. वाढत सुटले.”

राणी समोरच्या पानावर बसली आणि तिने आपला तीन बोटांचा हात पुढे केला.

“अजून वाढ.”

करवंदीने पळी उचलली. राजपुत्रांना उलटं टांगणारा तिचा हात असा थरथरला, की साखरांबा पानभर सांडला. राणीने तो पानभरून निपटून खाल्ला. राणी तृप्त झाली, चेटकीण तृप्त झाली, आणि ऐकणाऱ्यांचीही पानं इथे उठली.